तुझ्या वाट्याची वर्षं

४ मार्च

पत्राची सुरुवात कशी करायची ते सुचत नाही. आपल्यात पत्राची वेळ कधी आलीच नाही. तू मला 'अहो' म्हणायचीस, मी तुला 'अगं', आणि एवढ्यावर जन्म निघाला. आज 'अगं' लिहायला हात धजत नाही, म्हणून तसंच सुरू करतो.

तुझा चष्मा, सपाता आणि रक्तदाबाच्या गोळ्या तुरुंगाच्या खिडकीवर दिल्या आहेत. गोळ्या डॉक्टरांनी तपासल्यावरच मिळतील म्हणाले. मागून घे, गप्प बसू नकोस.

सोमवारी आपला मुलगा अडतिसाचा झाला. आपल्या या राजेंना वय कळत नाही, केक कळतो. वरच्या मजल्यावरच्या ताईंनी आणला होता. राजेंनी पहिला तुकडा मला भरवला, दुसरा स्वतः घेतला, तिसरा बशीत ठेवून दाराकडे बघत बसले.

तुझ्याविरुद्धच्या तक्रारीवर मी सही केली हे तुझ्या वकीलबाईंनी तुला सांगितलंच असेल. केली. रागात केली, पण राग उतरल्यावरही परत घ्यायला गेलो नाही. पोलीस तुला घेऊन जात होते तेव्हा तू एकच विचारलंस, "कसं कळलं?" मला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. आता देतो.

नवीन वर्ष लागल्यापासून माझी खालची कवळी बसेना. उभा जन्म मी लोकांच्या कवळ्या बनवण्यात घालवला, आणि स्वतःचीच टोचायला लागली. वाटलं हिरडी झिजली. कवळी घासून पाहिली, मेण लावून पाहिलं, पुन्हा माप घेतलं. सगळं करून थकलो आणि आरसा घेऊन उजेडात बसलो, तर हिरडीतून पांढरं टोक. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला दात येत होता. आधी मला हसू आलं. राजेंना दाखवलं. त्यांनी तोंडात बोट घालून चाचपलं आणि म्हणाले, "बाळ."

मग हसू गेलं. या वयात दात पुन्हा कुणाला येतात ते माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आयुष्याची वाढ घेणाऱ्यांना येतात. माझा धंदा त्यांनीच तर बसवला. आणि मी तर वाढ घेतलेली नव्हती. पासष्ट पूर्ण झाल्यावर सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलं होतं, आणि मी वाढ केंद्राच्या खिडकीवर लेखी नकार दिला होता. तू शेजारी उभी होतीस.

दातांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "काका, सहा-सात वर्षांपासून तुम्ही वाढ घेताय."

म्हटलं, "मी घेत नाही."

"मग कुणीतरी देतंय," ते म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. त्यांना कायद्यानं कळवावंच लागतं.

मला तिथल्या तिथं उमगलं. दर तीन महिन्यांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून तू माझ्या दंडात टोचायचीस ते 'नसांचं जीवनसत्त्व'. मी मात्र गावभर सांगत फिरत होतो की सकाळचं चालणं अंगी लागलं. चार जण माझं ऐकून चालायला लागले, त्यांना आता काय तोंड दाखवू?

एकच विचारतो. तू वाढ केंद्रात नर्स. तिथं कुणाच्या तरी नावानं आलेली मात्रा काढून तू मला दिलीस. त्या माणसाला काय टोचलंस, नुसतं पाणी? तो आहे की गेला? वकीलबाई म्हणतात तू कुणाशीच बोलत नाहीस. त्यांच्याशी नको बोलूस. मी कुणाच्या तोंडचा घास खाल्ला तेवढं मला सांग.


१९ मार्च

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

काल कामाच्या खोलीत तपास अधिकारी आल्या. वाढीच्या गुन्ह्यांची जी वेगळी शाखा आहे ना, तिथल्या. मी प्लास्टर कालवत होतो आणि दारात ही तिशीची दिसणारी मुलगी. मी म्हटलं, "बस बाळ, हात धुऊन येतो." तर म्हणते, "बाळ म्हणा हवं तर, पण मी तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे." आणि बसताना गुडघ्यावर हात टेकून बसली. गुडघे नवे झाले तरी सवय काही सुटत नाही.

राजेंना त्या आवडल्या असाव्यात. दातांचे ट्रे मांडून ठेवले होते ते त्यांनी एकेक करून बाईंसमोर आणले. पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत ओळीनं लावायचे, हे त्यांचं काम, चुकत नाहीत. बाईंनी प्रत्येक ट्रे पाहिला, घाई केली नाही. मग राजेंनी एक दात उचलून त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, "ठेवा, त्यांनी दिलेलं परत घेत नाहीत."

मग विचारणं सुरू झालं. तुमच्या पत्नी सुई कुठं टोचायच्या, किती वेळा, आधी काय सांगायच्या, कधी शंका आली का. मी सगळं खरं सांगितलं. तुला वाचवावं असं त्या क्षणी वाटत नव्हतं, लपवून काय उपयोग.

"तुम्हाला राग कशाचा आला?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "कुणी तुमच्या घराला रातोरात वरचा मजला बांधून दिला आणि सांगितलं आता राहा तिथं, तर तुम्ही काय म्हणाल?"

"बहुतेक लोक आभार मानतील."

"बहुतेकांनी मागितलेला असतो."

त्यांनी मान हलवली. मग मीच विचारलं, की हा कायदा असा कसा, जीव घेतला तर गुन्हा हे समजतं, दिला तर गुन्हा कसा. त्या म्हणाल्या, त्यांच्या पहिल्या प्रकरणात एक आजोबा होते. घर त्यांच्या नावावर होतं म्हणून मुलांनी त्यांना वाढ देत ठेवलं होतं. शरीर टिकलं, माणूस आत राहिलाच नव्हता. पापण्या मिटायच्या तर नर्सनं मिटवायच्या. "तेव्हापासून ठरलं," त्या म्हणाल्या, "ज्याचं आयुष्य त्याचा होकार. ज्याला होकार देता येत नाही त्याला वाढ नाही." आणि बोलता बोलता त्यांची नजर राजेंकडे गेली, तशी त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

राजेंना वाढ नाही हे मला ठाऊकच आहे. त्यावरूनच तर मी नकार दिला होता. माझ्या मुलाला जे मिळणार नाही ते मला नको. तो म्हातारा होत जाणार आणि मी तरणाताठा त्याच्याकडे बघत बसणार, हे कुठल्या बापाला बघवेल?

जाताना त्यांनी जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही. तुझ्या केंद्रातल्या सगळ्या मात्रा जुळल्या आहेत. एकही कमी नाही, एकालाही पाणी दिलेलं नाही.

मग तू आणलीस कुठून?


२ एप्रिल

अगं,

तपासबाई सकाळीच आल्या. उभ्या उभ्या सांगितलं. प्रत्येक मात्रेत ती ज्याच्या नावाची त्याची खूण असते म्हणे, रक्तात वर्षानुवर्षं राहते. माझ्या रक्तातली खूण त्यांनी शोधून काढली. ती तुझी आहे.

तू चोरली नाहीस. तुझ्या वाट्याची मला दिलीस.

मी स्टुलावर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. राजेंनी पाणी आणून दिलं.

आपण दोघांनी ठरवलं होतं ना? तू पासष्टाची झालीस त्या दिवशी आपण तिघं खिडकीवर गेलो होतो. गर्दी बघून राजे बिथरले म्हणून मी त्यांना घेऊन बाहेर फाटकापाशी थांबलो. तू आत गेलीस. बाहेर येऊन म्हणालीस, "झालं एकदाचं." मी विचारलंसुद्धा नाही काय झालं. मला वाटलं, माझ्यासारखाच नकार. तू होकार देऊन आलीस आणि घरी येऊन चहा टाकलास.

इतकी वर्षं तुझे केस पांढरे होत गेले, तुझा खांदा आखडला, जिना चढताना तू मधे थांबायला लागलीस. मी म्हणायचो, माझ्याबरोबर चालायला ये. मी म्हणायचो. आता ते आठवलं की जीभ तोडून टाकावीशी वाटते.

चोरी केली असतीस तर बरं झालं असतं. तुझ्यावर नुसतं रागावता आलं असतं.

का? आणि मीच का? तू स्वतः का नाही घेतलीस?


२१ एप्रिल

अगं,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या वर्षांनी नवऱ्याला पहिलं पत्र लिहायचं आणि त्यात तीन वाक्यं. पहिल्यात गोळ्या मिळाल्या, तिसऱ्यात राजेंची नखं कापा. मधलं वाक्य मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

'तो तुमच्या हातचं जेवतो, माझ्या हातचं नाही.'

एवढंच उत्तर होतं तर मला विचारायची गरजच नव्हती. मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तुझ्या अक्षरात वाचणं वेगळं.

तो सहा वर्षांचा असताना पाठीच्या दुखण्यात डॉक्टरांनी रोजची इंजेक्शनं सांगितली होती. बाहेरच्या नर्सला तो जवळ येऊ देईना, म्हणून तू घेतलंस ते काम. मी त्याला धरायचो आणि तू टोचायचीस. दोघांनी मिळून केलं, पण त्याच्या लेखी मी धरणारा झालो आणि तू टोचणारी. दुखणं बरं झालं, तो चालायला लागला, आणि तुझा हात जवळ आला की त्याचे हात पाठीमागे जायला लागले. आपल्याला वाटलं विसरेल. तो काहीच विसरत नाही. तू दवाखान्यातून आलीस की स्पिरिटचा वास दारातून आधी आत यायचा आणि राजे माझ्या मागे.

तू कधी तक्रार केली नाहीस. तो झोपला की दारात उभी राहून बघायचीस. मी पाहिलंय. मी डोळे मिटून पडायचो, कारण तुला कळू नये की मला कळतंय.

म्हणजे तू हिशोब मांडलास. आपण दोघंही वेळेवर गेलो तर पन्नाशीतल्या राजेंना कोण बघणार? संस्थेत ठेवतील. तिथं ते अनोळखी हातचं जेवणार नाहीत. तू वाढ घेतलीस तर तू राहशील, पण तुझ्या हातचं ते जेवत नाहीत. मी राहिलो तर जेवतील. झालं. माझा नकार मधे आडवा होता तेवढा तू सुईनं बाजूला केलास.

तुझं चुकलं असं म्हणायला जातो आणि शब्द सापडत नाही. चुकलं नाही म्हणायला जातो तर दात दुखतो. तिसरा येतोय.

पण एक सांगतो, आणि हे रागानं नाही. तू मला विचारलं का नाहीस? मी नाही म्हणालो असतो म्हणूनच ना? मग माझ्या 'नाही'ला काही किंमत होती की नव्हती? त्या स्टुलावर मी दंड पुढे करायचो तेव्हा डोळे झाकून करायचो. तुझ्यावर एवढा विश्वास जगात दुसऱ्या कशावर ठेवला नव्हता. आता सुई बघितली की माझेसुद्धा हात पाठीमागे जातात. घरात तुला घाबरणारे दोघं झालो.

शिवाय तू गेल्यावर माझं काय, याचा विचार केलास? तपासबाई म्हणतात, आता थांबवलं तरी शरीर अजून तीस-पस्तीस वर्षं सहज काढेल. तू एवढी थांबणार नाहीस. मला एकट्याला एवढ्या मोठ्या आयुष्यात सोडून तू जाणार, आणि त्याला तू प्रेम म्हणणार. असेलही. वकीलबाईंना विचारलं पाहिजे कायद्यात त्याला काय म्हणतात.

त्यांनी एक वाट सांगितली आहे. लेखी नकार मोडून वाढ देणं याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुझ्या वयाला दहा वर्षं म्हणजे काय ते मी लिहीत नाही. पण ज्याला दिली त्यानं न्यायाधीशांसमोर जाऊन ही वर्षं आपली म्हणून मान्य केली, तर तो गुन्हा मिटतो. मग उरतं स्वतःचा वाटा दुसऱ्याला देणं आणि नर्स म्हणून केलेला विश्वासघात. त्याची शिक्षा महिन्यांत मोजतात. तुझी नोकरी मात्र कायमची जाईल आणि तुझा वाटाही जप्त होईल. आता घ्यायची म्हटलंस तरी तुला घेता येणार नाही.

मी लगेच म्हटलं, "म्हणतो की मान्य. त्यात काय." वकीलबाई म्हणाल्या, "नुसतं म्हणून चालत नाही. बायकोसाठी खोटं बोलणारे नवरे न्यायाधीशांनी खूप पाहिलेत. ते खोदून विचारतात. खोटं वाटलं तर तुमच्यावरही खटला. मग मुलाचं काय?"

मला खोटं बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. शेजारणीची कवळी बघून 'छान बसली' एवढंसुद्धा जमत नाही.

म्हणजे आता मला ती वर्षं खरोखर हवीशी वाटली पाहिजेत. ते मनात कसं आणायचं?

नखं कापली. शांत बसले होते.


९ मे

अगं,

काल भेटायला आलो तेव्हा तुझ्यासमोर बोलणं झालंच नाही, म्हणून लिहितो.

राजेंना आणू नका असं वकीलबाई म्हणत होत्या. भिंती, दारं, शिपाई, बिथरतील. पण मला वाटलं तुला बघायचं असेल. तू म्हणालीस, "कशाला आणलंत त्याला?" आणि डोळे मात्र त्याच्यावरून हलवले नाहीस. तुझे दोन्ही हात टेबलाखाली होते. त्याला दिसू नयेत म्हणून तू ते सबंध वेळ खालीच ठेवलेस हे माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं मला वाटायचं तुला बसायची तशीच सवय आहे.

तुला दिसलं ते मी काय सांगणार. तो उठून तुझ्या बाजूला आला, तुझी बाही धरली आणि नाकाला लावली. तू श्वाससुद्धा घेत नव्हतीस. मग तुझ्या शेजारी बसला आणि बाही हातात तशीच ठेवली. शिपाईबाई सांगायला आल्या की कैद्याला हात लावायचा नाही, आणि आमच्याकडे बघून परत गेल्या.

मला वाटतं त्याला स्पिरिटचा वास आला नाही. तिथला कपडे धुवायचा साधा साबण आला असेल. एवढंच होतं का गं ते? एवढ्या वर्षांचं?

तुला न दिसलेलं सांगतो. परतताना बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. तीन-चार थांबे गेले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "परत." मला वाटलं बस परत हवी. म्हटलं, "पुढच्या रविवारी बसनं फिरू." तो चिडला. स्वतःची बाही धरून माझ्या नाकाला लावली आणि पुन्हा म्हणाला, "परत."

म्हटलं, "हो. परत."

घरी आल्यावर मी साच्यात प्लास्टर ओतायला घेतलं आणि विसरून गेलो. घट्ट झालं, साचा वाया गेला. मी विचार करत होतो की तू त्या दिवशी विचारलं असतंस, मी नाही म्हणालो असतो, तर ठरल्याप्रमाणे आपण दोघं आठ-दहा वर्षांत आटोपलो असतो, आणि हा संस्थेच्या खिडकीत बसून कुणाला तरी 'परत' म्हणाला असता. ते कुणाला कळलं असतं?


३० मे

अगं,

न्यायाधीशांनी मला आत बोलावलं तेव्हा तुला बाहेर बसवलं होतं. आत काय झालं ते वकीलबाईंनी त्यांच्या भाषेत सांगितलं असेल. माझ्या भाषेत मी सांगतो.

छोटी खोली होती. न्यायाधीश खऱ्या म्हाताऱ्या, तुझ्यासारख्या. वाढ न घेतलेल्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या पत्नीनं तुम्हाला फसवून वाढ दिली. आता तुम्ही म्हणता मान्य आहे. कुणी दबाव आणला?"

म्हटलं, "नाही."

"त्या तुरुंगात राहू नयेत म्हणून म्हणताय?"

"ते तर आहेच, बाईसाहेब. तेवढ्यासाठी खोटंही बोललो असतो. पण मला ते जमत नाही."

"मग फसवणूक मान्य आहे?"

"फसवणूक मान्य नाही. वर्षं मान्य आहेत."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, "हे दोन्ही वेगळं कसं करता ते मला समजावून सांगा. सावकाश सांगा."

मला असं बोलायची सवय नाही. तू असतीस तर माझी वाक्यं तूच पुरी केली असतीस. मी म्हटलं, "आम्हाला मुलगा झाला तेव्हा कुणी येऊन विचारलं नव्हतं की असं मूल चालेल का. विचारलं असतं तर मी तरुण होतो, घाबरट होतो, कदाचित नाही म्हणालो असतो. आणि जन्मभर मला कळलंही नसतं की मी कशाला नाही म्हणालो. तो आला. पहिली दोन वर्षं मी रडत होतो. मग कधीतरी तो माझा झाला. कुठल्या दिवशी झाला ते सांगता येणार नाही. ही वर्षं तशी आली आहेत. अजून पुरती माझी झालेली नाहीत. पण मी त्यांना परत पाठवणार नाही."

त्या म्हणाल्या, "पत्नी तुमच्या आधी जातील."

"हो."

"मुलगाही कदाचित जाईल. तुम्ही उराल."

हे मला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. तूसुद्धा नाही. मी म्हटलं, "त्याला पोहोचवायला कुणीतरी हवंच ना. तो अनोळखी हातात गेला असता तर?" त्यांनी लेखणी पुन्हा उचलली.

शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे 'मान्य' लिहू?"

"लिहा. पण त्याखाली हेही लिहा की तिनं मला विचारायला हवं होतं."

"कायद्यात त्याला जागा नाही."

"मग समासात लिहा."

त्या हसल्या. समासात लिहिलं की नाही माहीत नाही. लिहिल्यासारखं मनगट हललं.

बाहेर तपासबाई उभ्या होत्या. राजेंनी दिलेला दात त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला दिसला. मला म्हणाल्या, "माझ्या मुलीला आजारामुळे पासष्टीआधीच वाढ देऊ केली होती, तिनं नकार दिला. मी मान्य केला. तिला जाऊन बारा वर्षं झाली." मी विचारलं, "बरोबर केलंत असं वाटतं का?" त्या म्हणाल्या, "कायद्यानं बरोबर होतं. तिच्या मनासारखं होतं. रोज वाटतं की एक सुई टोचायला हवी होती." मग किल्ल्या खिशात घातल्या आणि निघून गेल्या. तुला हे का सांगतो, तर माझ्या रागाला दुसरी बाजू आहे हे मला त्या दिवशी कळलं. राग अजून आहे. तू आलीस की त्याला जागा लागेल, गैरसमज नको. पण तो कोपऱ्यात राहील.


२ सप्टेंबर

अगं,

थोड्या महिन्यांची ती शिक्षा संपायची तारीख आली. काल मी वेळ विचारायला तुरुंगाच्या फाटकावर आलो होतो.

आधी घरचं सांगतो. तुला जिना आणि तुझ्या खांद्याला धुणं झेपणार नाही म्हणून वरच्या ताईंनी धुण्याचं काम स्वतःकडे घेतलंय. तू भांडणार हे त्यांना माहीत आहे, त्या तयार आहेत. केंद्रातलं तुझं कपाट रिकामं करून आणलं. पांढरे कोट मी ठेवले नाहीत. विचारून टाकायला हवे होते, पण राजे त्यांच्याजवळ जाईनात. एवढं एक तुला न विचारता केलं. फिट्टंफाट समज.

इथून पुढे मात्र तसं नको. तू माझं काही ठरवायचं नाहीस आणि मी तुझं. पहिला प्रश्न मीच विचारतो. तुझे खालचे दोन दात हलतात हे मला भेटीत दिसलं. माझी तर बत्तिशी भरायला लागली, आणि तू मात्र बोळकी होणार. माप घेऊ का? घाई नाही. नाही म्हणालीस तरी चालेल. मग सगळं मऊ करून देईन. सूप मला बरं जमायला लागलंय.

आणि तुला एक शिकवावं लागेल मला. तू राजेंना हात न लावता त्यांचा ताप कसा ओळखायचीस? नुसतं दारातून बघून. मी इतकी वर्षं त्यांच्याजवळ झोपून ते शिकलो नाही. तू असेपर्यंत शिकून घेतो. 'असेपर्यंत' हा शब्द लिहिला, खोडणार नाही. आपण आता तो शब्द घरात बोलायचा. तुला किती वर्षं आहेत ते मला ठाऊक नाही, पण जेवढी आहेत तेवढी मला हवीत, आणि ती मी मागून घेतोय. नंतरची माझी मी बघेन.

तर फाटकावरचा तो नवा शिपाई. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कागदात तुझं वय पाहिलं, आणि म्हणाला, "आईला न्यायला येणार ना? रिक्षा आतपर्यंत आणायला परवानगी आहे, म्हातारीला चालवू नका."

मी म्हटलं, "नवरा आहे मी तिचा."

बिचारा ओशाळला. परत कागद पाहिला. मग हळूच म्हणाला, "नशीबवान आहेत हो बाई."

म्हटलं, "तिच्यासमोर म्हणू नका. आधीच ऐकत नाही कुणाचं."

उद्या सकाळी दहाला सोडतील, म्हणून हे पत्र आजच खिडकीवर देतो. रिक्षा आणणार होतो, पण राजेंना बसनंच यायचंय. बस समोरच्या बाजूला थांबते. तू फाटकाच्या आतच थांब, सावली आहे. त्यांना रस्ता ओलांडायला वेळ लागतो, तेव्हा आम्ही दिसलो तरी हाक मारू नकोस, ते मधेच थांबतात. दोन्ही बाजूंनी बघून, हात धरून, सावकाश येतो.